हात लावू का?

दर पंधरा-वीस दिवसांनी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक बातमी येते. शहर बदलतं, पोलीस ठाणं बदलतं, मजकूर सहसा बदलत नाही. ‘मसाज पार्लरच्या नावाखाली’ अशी तिची सुरुवात असते. मग बनावट गिऱ्हाईक, ठरलेला इशारा, छापा, तरुणींची सुटका आणि मालकावर ‘पिटा’ कायद्याखाली गुन्हा. सोबत फोटो असलाच तर त्यात ओढणीत तोंड लपवलेल्या मुली आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना तोंड न लपवलेले पोलीस.

आमच्याकडे रविवारी पेपर आणि पोहे एकदमच येतात. नात नुकतीच मथळे मोठ्याने वाचायच्या वयाला आली आहे. परवा ती याच बातमीपाशी थांबली आणि म्हणाली, ‘‘आजी, मसाज म्हणजे वाईट असतं? मग तू खांद्याला करून घ्यायला जातेस ते?’’ सून घाईघाईने तिच्या ताटलीत आणखी पोहे वाढू लागली. मुलाला अचानक क्रीडापान हवंसं झालं. मीही काहीतरी थातूरमातूर सांगून वेळ मारून नेली. पण प्रश्न काही गेला नाही.

चौतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला एक सवय लागते. समोर कुठलाही व्यवहार आला की तो आधी विचारतो, अधिकार कुणी कुणाला दिला, कशापुरता दिला आणि तो परत काढून घेता येतो का. मसाज हाही एक व्यवहारच आहे. एक माणूस आपलं अंग थोडा वेळ दुसऱ्याच्या हाती देतो. याहून मोठी ठेव कुणी कुणाकडे ठेवत नसेल. आणि तरी या व्यवहाराचे नियम काय असावेत, याबद्दल आपण घरात बोलत नाही, बाजारात बोलत नाही. एकदम पोलीस ठाण्यातच बोलतो.

खांद्याचं आधी सांगते. मला मधुमेह आहे. दोन वर्षांपूर्वी डावा हात वर जाईनासा झाला. अंबाडा घालता येईना, साडीचा पदर पाठीवरून घेता येईना. डॉक्टर म्हणाले, खांदा गोठलाय, मधुमेहात हे बऱ्याच जणांना होतं, चिकाटीने व्यायाम करा. सोबत आजूबाजूच्या आखडलेल्या स्नायूंना हलका मसाज घ्यायला हरकत नाही, असं सांगून त्यांनी एका केंद्राचा पत्ता दिला. तिथे गेले तर समोर तिशीतला एक तरुण उभा. दृष्टी जवळजवळ नाही. माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? तो आंधळा आहे, हा नाही. तो पुरुष आहे, हा. ‘आज जरा घाई आहे, पुन्हा येते’ हे वाक्य माझ्या जिभेवर तयारच होतं.

त्याला ते ऐकू आलं असावं. माझ्या न बोलण्यातूनच. त्याने आधी साखर किती असते ते विचारलं, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, कुठे ऑपरेशन, जखम, सूज आहे का, हे विचारलं. मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, ‘‘मॅडम, बाई हवी असेल तर मंगळवारी आणि शुक्रवारी आमच्या सहकारी असतात. बऱ्याच जणी तसं सांगतात, त्यात काही नाही. आणि कुठे हात लावलेला नको असेल तर आत्ता सांगा. मधेच सांगितलंत तरी चालेल.’’

मी मंगळवार घेतला. खोटं कशाला बोलू? पण रिक्षात बसल्यावर जाणवलं, की माझ्या सहासष्ट वर्षांच्या आयुष्यात डॉक्टर, नर्स, शिंपी, बांगड्या भरणारा कासार अशा कितीतरी माणसांनी माझ्या अंगाला हात लावला, पण ‘कुठे नको ते सांगा’ असं कुणी म्हटलं नव्हतं. एक बाई सोडून. तिच्याकडे मी येणारच आहे.

आता सरकारने या प्रश्नाचं काय केलं ते बघा. ऑगस्ट २०२१ मध्ये दिल्ली सरकारने स्पा आणि मसाज केंद्रांसाठी नियमावली काढली. त्यातला सर्वांत गाजलेला नियम असा, की पुरुषाला पुरुषानेच आणि स्त्रीला स्त्रीनेच मसाज करायचा. उलट केलं तर परवाना जाईल. खोलीच्या दाराला आतून कडी नको, हाही एक नियम. हेतू चांगला होता. मुली फसवून आणल्या जातात, डांबल्या जातात, हे खोटं नाही आणि तिथे पोलिसांनी जायलाच हवं. पण डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सरसकट बंदीला स्थगिती दिली. वेश्याव्यवसाय रोखण्याचा हेतू आणि अशी संपूर्ण बंदी यांचा एकमेकांशी वाजवी संबंध प्रथमदर्शनी दिसत नाही, आणि या व्यवसायातल्या लोकांना विचारलंही गेलेलं नाही, असा त्या आदेशाचा आशय होता. त्याच वेळी विनापरवाना केंद्रांवर कारवाई करा, असंही न्यायालयाने बजावलं.

तिकडे मद्रास उच्च न्यायालयात त्याच सुमारास आणखी मजेशीर प्रकार झाला. एका न्यायमूर्तींनी डिसेंबर २०२१ मध्ये स्पामध्ये सीसीटीव्ही कॅमेरे बसवायला सांगितलं. जानेवारी २०२२ मध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या न्यायमूर्तींनी म्हटलं, की माणूस जिथे अंगावरचे कपडे काढून पडतो तिथे कॅमेरा लावणं हा त्याच्या खासगीपणावर घाला आहे. त्यांनी २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या खासगीपणाच्या निकालाचा आधार घेतला. दोन्ही बाजूंचे विद्वान, आणि महिन्याभराच्या आत परस्परविरुद्ध मतं! मला यात विनोद कमी आणि गोंधळ जास्त दिसतो. बंदी घालणाऱ्याला वाटतं, प्रश्न बाई की पुरुष एवढाच आहे. कॅमेरा लावणाऱ्याला वाटतं, कुणीतरी बघत असलं म्हणजे झालं. टेबलावर पालथ्या पडलेल्या माणसाला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवणाऱ्याला मात्र कुणी काही विचारत नाही.

कुणी म्हणेल, ‘तुम्हीच नाही का मंगळवार घेतलात? मग दिल्ली सरकारचं काय चुकलं?’ प्रश्न रास्त आहे. मी त्यावर बरेच दिवस विचार केला. मला बाईचे हात हवे असणं हा माझा माझ्या अंगापुरता निर्णय आहे. उद्या तो मी बदलू शकते (चौथ्या आठवड्यात त्या बाई रजेवर होत्या, तेव्हा बदललाही). पण माझ्या संकोचाचा कायदा केला की त्या तरुणाची रोजी जाते, आणि ज्या बाईला त्याच्याच हाताने बरं वाटतं तिचा निर्णयही जातो. शिवाय पुरुषाने पुरुषाला मसाज केला की सगळं सोवळ्यातलं, हे कुणी ठरवलं? समलिंगी संबंध गुन्हा नाहीत हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं. त्याआधी २०१४ मध्ये तृतीयपंथी व्यक्तींना स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क दिला. दिल्लीच्या त्या नियमात अशा माणसाने कुठल्या दारातून आत जायचं, कुणाच्या हाती आपली मान द्यायची, याचं उत्तर नव्हतं.

पण माझी निवड नेहमीच इतकी निरागस असते का? इथे मला त्या बाईकडे यायला हवं.

१९८६ साली पहिल्या बाळंतपणासाठी मी सांगलीला माहेरी होते. बाळाला आणि मला तेल लावून न्हाऊ घालायला एक बाई यायच्या. मी त्यांना मावशी म्हणत असे. पहाटे साडेपाचला मागच्या दाराने यायच्या. चुलीवर पाणी ठेवायच्या, तेलाची वाटी शेगडीवर धरायच्या, आणि दोन्ही तळहात एकमेकांवर चोळून ऊन करायच्या. मग रोज, न चुकता, विचारायच्या, ‘‘ताई, आज कुठं दुकतंय? लावू का हात?’’ मी बँकेत नवी अधिकारी झालेली, युनियनमध्ये भाषणं करणारी; मला त्यांच्या त्या प्रश्नाचं हसू यायचं. हात लावायलाच तर आलात, विचारता काय?

मावशींचा चहा मागच्या पायरीवर व्हायचा. त्यांचा कप वेगळा, कान तुटलेला, बंबाच्या कोनाड्यात उपडा ठेवलेला. त्यांनी तो स्वतः विसळायचा. म्हणजे बघा, ज्या हातांनी माझं पोट, पाठ, माझी छाती, माझं आठ दिवसांचं मूल हाताळलं, ते हात स्वयंपाकघरातल्या कपाला चालत नव्हते. स्पर्शाचा इतका बारीक हिशेब मी बँकेतही कधी पाहिला नाही. आई दुष्ट नव्हती. मावशींच्या नातवाला तिने स्वेटर विणून दिला होता. पण कप वेगळाच. आणि मी रोज तो बघत होते.

सोळाव्या दिवशी माझी डावी पोटरी दुखायला लागली. मावशींनी पाय हातात न घेता नुसता पाहिला, उलट्या बोटांनी वरून ऊन लागतंय का ते बघितलं, आणि तेलाची वाटी बाजूला ठेवली. ‘‘ह्या पायाला मी हात लावणार न्हाई. ही सूज येगळी हाय. डाक्टरला दावा.’’ आईला वाटलं, काम चुकवायचं निमित्त. ‘चांगला रगडून दे, मोकळा होईल’ असं ती दोनदा म्हणाली. मावशी हलल्या नाहीत. त्या दिवशी आईने त्यांचे पैसे कापले. मी अंथरुणावरून ते ऐकलं आणि गप्प राहिले.

संध्याकाळी पाय आणखी सुजला तेव्हा दवाखान्यात नेलं. पोटरीच्या आतल्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. बाळंतपणानंतर रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते आणि आपल्याकडे बाळंतीण बाजेवरून उतरत नाही, त्यामुळे हा धोका असतो. अशा पायाला जोरात रगडलं तर गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते आणि माणूस बसल्या जागी दगावू शकतो. हेपारिनची इंजेक्शनं घेत दहा दिवस काढले. डॉक्टरांनी विचारलं, ‘‘मालिश करायचं कुणी थांबवलं?’’ आईने सांगितलं, ‘‘ती तेल लावणारी बाई.’’ कापलेले पैसे नंतर दिले गेले. कप मात्र तोच राहिला.

आज ‘व्यावसायिक नीतिमत्ता’ या विषयावर व्याख्यानं होतात. मावशींना अक्षरओळख नव्हती. पण काम सुरू करण्यापूर्वी विचारणं, आपल्याला काय करता येत नाही हे ओळखणं, पैसे बुडाले तरी ते न करणं, हे सगळं त्यांच्यापाशी होतं. नव्हतं ते आमच्यापाशी. माझा मंगळवार आणि आईचा कप यांत फरक कुठे, हे मला तेव्हापासून छळत आलंय. माझ्यापुरतं मी असं ठरवलंय: माझ्या अंगाचा संकोच मला सांगता यावा, त्यात समोरच्याचा अपमान नसतो. पण समोरच्याचे हात मला चालतात आणि त्या हातांचा माणूस चालत नाही, तिथे संकोच संपला आणि दुसरंच काहीतरी सुरू झालं.

या दुसऱ्या गोष्टीला आपल्याकडे मोठा इतिहास आहे. चंपी, मालिश ही कामं बहुतेक जातीवर सोडलेली. पुरुषांची नाभिकाकडे, बाळंतिणीची ठरावीक बायकांकडे. अपवाद तालमीचा. कोल्हापूरच्या तालमीत पोरं एकमेकांचं अंग रगडत, वस्तादाचं रगडत, आणि त्यात कमीपणा नव्हता. एकच काम, तालमीत विद्या आणि मागच्या दारी हलकं. आपल्या ‘चांपणे’ या क्रियेवरून इंग्रजांनी ‘शॅम्पू’ हा शब्द नेला, तोही असाच. पाटण्यात १७५९ साली जन्मलेल्या दीन महंमद यांनी इंग्लंडात ब्रायटनला स्नानगृह काढून चंपीचा धंदा मांडला. दोन राजांनी त्यांची सेवा घेतली. स्त्रियांची बाजू त्यांची आयरिश पत्नी जेन सांभाळत असे. दोनशे वर्षांपूर्वी त्यांना जे जमलं त्यासाठी दिल्लीला नियमावली लागली आणि तरीही जमलं नाही!

दृष्टिहीनांचंही तसंच. जपानमध्ये सतराव्या शतकात सुगियामा वाइची या अंध वैद्याने अंधांसाठी अॅक्युपंक्चर आणि मसाजच्या शाळा काढल्या, आणि तो तिथे अंधांचा मानाचा व्यवसाय झाला. दक्षिण कोरियात तर मसाजचा परवाना फक्त दृष्टिहीनांनाच मिळतो. २००६ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने ही मक्तेदारी रद्द केली, तेव्हा अंध मालिशवाल्यांनी सोलमधल्या हान नदीच्या पुलावर जाऊन निदर्शनं केली, काहींनी नदीत उड्या घेतल्या. संसदेने कायदा पुन्हा आणला आणि २००८ मध्ये त्याच न्यायालयाने तो मान्य केला. डोळस कारागिरांवर हा अन्याय नाही का? असेलही. मला ती मक्तेदारी पूर्णपणे पटत नाही. पण एखाद्या समाजाने या कामाला इतकं मोलाचं मानावं, की त्याच्यासाठी माणसं नदीत उड्या घेतील आणि संसद बसेल, याचा हेवा वाटतो. आपल्याकडे २०१६ चा अपंग हक्क कायदा आहे, आणि माझ्यासारखी सुशिक्षित बाई आहे, जी ‘घाई आहे’ म्हणून निघायच्या बेतात असते.

बातमीतल्या ओढणीआडच्या मुलींकडे परत येऊ. पुण्या-मुंबईच्या स्पांमध्ये मिझोराम, नागालँड, मणिपूर, आसामकडच्या बऱ्याच मुली काम करतात. रीतसर शिकून आलेल्या असतात. पण त्यांचा चेहरा बघूनच गिऱ्हाईक, घरमालक आणि शेजारी निष्कर्ष काढून मोकळे होतात. ऑगस्ट २०१२ मध्ये अफवांमुळे पुण्यातून आणि बंगळूरहून ईशान्येकडच्या माणसांनी गाड्या भरभरून घरचा रस्ता धरला, ते पुणेकरांना आठवत असेल. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचलच्या निडो तानिया या विद्यार्थ्याचा मारहाणीनंतर मृत्यू झाला. त्यानंतर बेझबरुआ समिती नेमली गेली. समितीचा अहवाल आला, पण आपली नजर फारशी बदललेली नाही. छाप्यात ‘सुटका’ झालेल्या मुलीची नोकरीही सुटते आणि भाड्याची खोलीही. तिला डांबलं होतं की ती आपलं काम करत होती, हे कोर्टात ठरेपर्यंत गावाकडे फोटो पोचलेला असतो. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, की छापा, अटक किंवा सुटका यांच्या वेळी माध्यमांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची ओळख उघड होऊ देऊ नये. हे मी वर्तमानपत्रातच लिहिते आहे, याची मला कल्पना आहे.

त्या मुलीची दुसरी बाजू तर बातमीत कधीच येत नाही. गिऱ्हाइकाने नको ते मागितलं तर तिने काय करायचं? आता ॲपवरून बोलावलं की मसाज करणारी घरी येते. खांद्यावर घडीचं टेबल, पाठीवर पिशवी, अनोळखी इमारत, लिफ्टमधून जायचं की नाही हे वॉचमन ठरवणार. आत कोण, किती जण, हे तिला माहीत नाही. आपण तिचं ओळखपत्र तपासतो. आपली ओळख तिला कोण पटवून देतं? बँकेत आम्ही म्हणायचो, ‘नो युवर कस्टमर’, आपला ग्राहक ओळखा. इथे ग्राहकच तेवढा अनोळखी! लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कामाच्या जागेच्या व्याख्येत राहतं घरही येतं, आणि जिथे दहापेक्षा कमी माणसं कामाला आहेत तिथल्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. लहान स्पा बहुतेक याच मापातले असतात. ही समिती कुठे बसते हे तिथल्या भिंतीवर लिहिलेलं मी अजून पाहिलेलं नाही. दरपत्रक मात्र सगळीकडे असतं.

बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात. एक आमची, एक ग्राहकाची. नुसत्या आमच्या किल्लीने उघडत नाही, नुसत्या ग्राहकाच्याही नाही. आमची किल्ली फिरवली की आम्ही बाहेर यायचं, आत काय आहे ते बघायचं नाही, बाहेर बोलायचं तर नाहीच. मसाजच्या खोलीचा याहून चांगला नियम मला सुचलेला नाही. तिथे करणाऱ्यालाही ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे. आणि करवून घेणाऱ्याचं ‘हो’ हे आम्ही खात्यावर घेत असू त्या अधिकारपत्रासारखं असतं: ठरलेल्या कामापुरतं, आणि ग्राहकाला वाटेल त्या क्षणी रद्द होणारं. पाठीला दिलेला अधिकार पोटाला चालत नाही. काल दिलेला आज गृहीत धरता येत नाही.

शिवाय प्रत्येकाचं कुलूप वेगळं. कुणाच्या छातीची शस्त्रक्रिया झालेली असते. काखेतल्या गाठी काढलेल्या बाईच्या त्या हाताला नेहमीसारखं रगडून चालत नाही. कुणाची हाडं वयाने ठिसूळ झालेली. कुणाला डोक्यावरचा रुमाल किंवा बुरखा काढायचा नसतो, कुणाला गळ्यातलं मंगळसूत्र. कुणी इतकं जाड असतं, की टेबल मोडेल का, या भीतीनेच येत नाही. कुणाच्या अंगावर लहानपणी नको तो हात पडलेला असतो. मागून अचानक स्पर्श झाला की ते माणूस दचकून उठतं आणि कारण सांगत नाही. हे सगळं कळायला फार मोठं शास्त्र लागत नाही. विचारावं लागतं, आणि उत्तराची वाट बघावी लागते.

आणि ज्याला उत्तर देता येत नाही? २००९ मध्ये आई आमच्याकडे पुण्यात होती. अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली, समजही जात चालली होती. सकाळी एक मुलगी तिला तेल लावायला यायची. आई चांगला हात तिच्यापासून ओढून घ्यायची, मान भिंतीकडे फिरवायची. आम्ही म्हणायचो, ‘करून घे गं, बरं वाटेल.’ खातेदाराची समज गेली की त्याने दिलेलं अधिकारपत्र संपतं, हे मी शेकडो खात्यांवर लाल शाईने लिहिलं होतं. आईच्या बाबतीत मला ते आठवलं नाही. त्या मुलीनेच एक दिवस सुचवलं, ‘‘आजींना पायाला लावलेलं आवडतं, हाताला नको असतं. हात राहू द्यायचा का?’’ राहू दिला. आईने मान फिरवणं थांबवलं. त्या मुलीचा चहा आमच्याच कपातून व्हायचा. आईला ते दिसायचं का, कोण जाणे.

एक गोष्ट मी आजवर घरीही सांगितलेली नाही. २००३ च्या सुमारास माझ्या शाखेत एक बाई कर्ज मागायला आल्या. नाव लिहीत नाही. रुग्णालयात आयाचं काम केलेलं, मसाजचं शिक्षण घेतलेलं, त्याचा कागद होता. दोन टेबलं, पडदे आणि एका गाळ्याची अनामत, एवढ्यासाठी साठ हजार हवे होते. फक्त बायकांसाठी आणि लहान मुलांसाठी केंद्र काढायचं होतं. कागदपत्रं चोख होती. मी त्यांच्याकडे पाहिलं, अर्जातला ‘मसाज’ हा शब्द पाहिला आणि शेरा लिहिला: ‘व्यवसायाचं स्वरूप पाहता शिफारस करता येत नाही.’ त्यांनी विचारलं, ‘‘मॅडम, स्वरूप म्हणजे?’’ मी म्हटलं, ‘‘वरून तसे आदेश आहेत.’’ तसे कुठलेही आदेश नव्हते. जी बाई अशाच हातांमुळे जिवंत राहिली होती, तिनेच हा शेरा लिहिला होता.

आजही या धंद्याला स्वतःची अशी कायदेशीर परिषद नाही. फिजिओथेरपीला राज्यात परिषद आहे, नोंदणी आहे. मसाजसाठी कौशल्य विकासाचे अभ्यासक्रम निघाले आहेत, पण कुणी चूक केली तर परवाना काढून घेईल आणि कुणावर खोटा आळ आला तर पाठीशी उभं राहील, असं ठिकाण नाही. मधल्या रिकाम्या जागेत एका बाजूला दलाल घुसतात आणि दुसऱ्या बाजूने छापा येतो. नोंदणी असावी, ती करणाऱ्या मंडळावर खुद्द हे काम करणारी माणसं असावीत, त्यांत बायका असाव्यात, दृष्टिहीन असावेत, असं मला वाटतं. दिल्लीत जे राहून गेलं ते इथे तरी राहू नये.

गेल्या दिवाळीत सांगलीला गेले होते. जुन्या घराच्या मागच्या बोळात मावशींची चौकशी केली. त्या जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांची नातसून भेटली. एका ब्यूटी पार्लरमध्ये काम करते, बाळंतिणींच्या ऑर्डरीही घेते. तिच्या दारातच खुर्चीवर बसून आम्ही चहा घेतला. मी तिला माझ्या खांद्याचं सांगितलं, आणि ती गुठळीची जुनी गोष्टही. तिने ती कधी ऐकली नव्हती. ‘‘सासूबाई सांगत्यात, आजी सुजल्या पायाला शिवायच्या न्हाईत,’’ एवढंच म्हणाली. मग कप खाली ठेवून विचारलं, ‘‘साखर हाय का तुम्हाला? कुठला खांदा?’’

मी डावा म्हटलं. तिने हात पुसले, पण पुढे केले नाहीत. म्हणाली, ‘‘डाक्टरचा कागद असंल तर उद्या घेऊन या. न्हाईतर नुसता च्या प्यायला या.’’